साक्षीदाराशी बोलायचं नसतं

"मॅडम, माझं काही चुकलं का?"

लोटणकर साहेब लिफ्टच्या दाराशी माझी वाट अडवून उभे होते. हातात स्टीलचा डबा, गळ्यात दोरीला लोंबणारा वाचायचा चष्मा. सकाळभर ते समोरच्या वकिलांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसले होते आणि आता जेवणाची सुट्टी झाली होती.

मी मोबाइल कानाला लावला. पलीकडे कुणीही नव्हतं. "हो, हो, बोला ना," असं त्या मुक्या फोनला म्हणत मी जिन्याकडे वळले आणि सगळे मजले पायी उतरले. उतरताना स्वतःचीच इतकी चीड आली की खाली येऊन मी जेवलेही नाही.

कारण आदल्या आठवड्यात याच माणसाला मी रोज समोर बसवून चहा पाजला होता. त्यांची प्रत्येक शंका ऐकली होती. पेणहून येताना ते पोह्याचे पापड घेऊन आले, तर मी ते सगळ्या टीमला वाटले होते. आणि आता ते साधा प्रश्न विचारत होते, तर मी मिठाची गुळणी धरून पळ काढला.

मी ज्या वकिलांच्या फर्ममध्ये होते, ती मोठी होती. इतकी मोठी, की लिफ्टमध्ये भेटलेला माणूस आपल्याकडचा की खालच्या मजल्यावरच्या बँकेतला, हे गळ्यातल्या पट्ट्यावरून ओळखायचं. आम्ही कंपन्यांची भांडणं लढायचो. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला कंपनी, मध्ये कागदांचे डोंगर. माणूस असा फारसा दिसायचाच नाही. मी शिक्रापूरकडची, आडनाव ढमढेरे. फर्ममध्ये सगळे मला माझं पहिलं नाव तोडून 'रेन' म्हणायचे, कारण ढमढेरे म्हणायला जीभ वळवावी लागते आणि आमच्याकडे वेळ तासावर विकला जायचा. मला 'ढमढेरे मॅडम' अशी धडधडीत हाक मारणारे लोटणकर पहिलेच.

त्यांची गोष्ट थोडक्यात अशी. रायगड जिल्ह्यातल्या एका खासगी जेटीवर माल उतरवायची मोठी क्रेन होती. तिची तपासणी करून दाखला द्यायचं काम आमच्या अशिलाच्या, म्हणजे क्रेनवाल्या कंपनीच्या अंगावर होतं. लोटणकर त्या कंपनीत तपासणी विभागाचे मुख्य अभियंता. त्यांनी फेब्रुवारीत क्रेन तपासली, ठीक असल्याचा दाखला दिला. पुढच्याच महिन्यात क्रेनचा पुढे झेपावलेला लोखंडी हात, ज्याला बूम म्हणतात, तो टोकाशी दोर अडकवलेली खीळ निसटून खाली आला. केबिनमध्ये निवृत्ती म्हात्रे नावाचा ऑपरेटर होता. तो जागच्या जागी गेला.

जेटीच्या मालकांनी कंपनीवर दावा लावला. त्यांचं म्हणणं, लोटणकर बूमच्या टोकापर्यंत चढलेच नाहीत. त्या दिवशी वारा सुटला होता, हे महाशय ऑफिसात चहा पीत बसले आणि खालूनच सही करून गेले. आमचं म्हणणं, ते चढले होते आणि सगळं नीट होतं. नंतर जेटीवाल्यांनीच क्रेनवर झेपणार नाही इतकं वजन लादलं. लोटणकर सांगत, ते चढले तेव्हा कामगार जेवायला गेले होते. चढताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे सगळा दावा येऊन थांबला होता तो एका माणसाच्या शब्दावर.

"मॅडम, नुकसानभरपाईचं कंपनीने बघावं," तयारीच्या पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले होते. "मी रिटायर झालोय. मला तुमच्या त्या कोट्यवधींशी देणंघेणं नाही. मला फक्त एवढं लिहून हवंय, की लोटणकर वर चढला होता."

"कुणाकडून?"

"जज्जाकडून. पेणात माझं कुणी ऐकत नाही. म्हात्र्यांचं घर आमच्यापासून लांब नाही. त्याचा भाऊ मेडिकलच्या दुकानात सगळ्यांदेखत मला म्हणाला, वर न चढता सही केलीत, माझा भाऊ खाल्लात तुम्ही. काय बोलणार? त्याचा भाऊ गेलेला. आमच्या मंडळींना आता हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. मुलगी म्हणते, पुण्याला या, इथे राहा. म्हटलं नाही, असा नाही यायचा मी. जज्जाने लिहू दे, मग येतो."

हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. ते चष्म्याच्या काचा रुमालाने पुसत होते. हा माणूस खोटं बोलत नाही, असं मला त्याच वेळी वाटलं. असं वाटणं वकिलाच्या कामाचं नसतं. पण वाटलं खरं.

साक्ष कोर्टात नव्हती. आमच्याकडे अशा दाव्यांत हायकोर्ट एक कमिशनर नेमतं आणि तो साक्ष नोंदवून घेतो. आमचे कमिशनर होते निवृत्त जिल्हा न्यायाधीश मोहोळकर साहेब. फोर्टातल्या एका जुन्या इमारतीतली बैठकीची खोली, लांबलचक टेबल, एका टोकाला टायपिस्ट. न्यायाधीश पुढे फक्त ती टाइप केलेली पानं वाचणार. मात्र साक्षीदार कसा बोलला, कसा वागला, यावर कमिशनर आपला शेरा लिहू शकतात आणि त्या शेऱ्याला वजन असतं. लोटणकरांना जे हवं होतं ते या खोलीत मिळणार होतं किंवा कुठेच नाही.

समोरचे वकील होते बेहराम दस्तुर. उंच, पांढरेशुभ्र केस, बोलणं लोण्यासारखं. ते इंग्रजीत विचारत, लोटणकर मराठीत उत्तर देत आणि मोहोळकर साहेब त्याचं इंग्रजी करून टायपिस्टला सांगत.

आता त्या नियमाबद्दल. साक्षीदाराची उलटतपासणी एकदा सुरू झाली, की ती संपेपर्यंत त्याच्या स्वतःच्या वकिलांनी त्याच्याशी बोलायचं नसतं. दावा सोडा, पाणी हवं का इतकंही विचारू नये असं माझे सीनियर, जयदीप संघवी, म्हणायचे. कारण मग कानात मंत्र दिला असा आरोप होतो. हा नियम आमच्या इतका अंगवळणी पडलेला असतो, की तो साक्षीदाराला सांगावा लागतो हेच आम्ही विसरतो. मला वाटलं, संघवी सरांनी सांगितला असेल. संघवी सरांना वाटलं, कंपनीच्या कायदा विभागाने सांगितला असेल. त्यांना वाटलं, हे तर वकिलांचं काम. लग्नघरात प्रत्येकाला वाटतं की भटजींना आणायला दुसरा कुणीतरी गेलाय, तसं झालं.

त्यामुळे पहिल्या दिवशी दुपारी सुट्टी झाली आणि आम्ही सगळे एकदम उठून, त्यांच्याकडे न बघता, खोलीबाहेर गेलो. कंपनीचे दोन अधिकारी आले होते. ज्यांच्याबरोबर लोटणकरांनी उभा जन्म काढला, ते दोघेही गेले. लोटणकर डबा घेऊन एवढ्या मोठ्या टेबलाशी एकटे उरले. मग बहुधा राहवेना म्हणून तसाच डबा उचलून माझ्यामागे लिफ्टपाशी आले आणि मी फोन कानाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत आले ते वेगळेच लोटणकर होते. रात्रभर झोप नसावी. प्रत्येक उत्तर दिलं की ते आमच्या बाजूला बघत. संघवी सर कागदात डोकं घालून. मी वहीत. कंपनीचे अधिकारी छताकडे.

दस्तुरांच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं.

"मिस्टर लोटणकर, तिकडे बघू नका," ते अगदी मायेने म्हणाले. "ते तुम्हाला मदत करणार नाहीत."

खरं तर ते नियमच सांगत होते. लोटणकरांना ते निराळंच ऐकू आलं. त्यांचा चेहरा पडला तो मी पाहिला.

"त्या दिवशी वारा जोरात होता?"

"होता."

"चढणं धोक्याचं होतं?"

"असेल."

"बूमच्या टोकाची खीळ तुम्ही हाताने हलवून पाहिलीत?"

"पाहिली... म्हणजे पाहिली असणार. नेहमी बघतो."

"म्हणजे नक्की आठवत नाही?"

लोटणकरांनी पुन्हा आमच्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, "माझी चूक झाली असेल तर... असू शकते."

टायपिस्टच्या बोटांचा आवाज झाला. मोहोळकर साहेबांनी भुवया उंचावल्या. हा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःला पुरत होता. आणि का, ते मला लख्ख दिसत होतं. त्याला वाटत होतं, आपल्या माणसांनी आपल्याला टाकलं. कालपर्यंत 'लोटणकर साहेब, लोटणकर साहेब' करणारे लोक एकाएकी तोंड फिरवतात, याचा अर्थ त्याने एकच लावला होता, की यांनाही वाटतंय मी चढलो नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी संघवी सरांना गॅलरीत गाठलं.

"सर, त्यांना नियम माहीतच नाही. त्यांना वाटतंय आपण रागावलोय."

संघवी सर वाईट नव्हते. पण त्यांच्या डोक्यात कायम बुद्धिबळाचा पट मांडलेला असे.

"तुला कसं कळलं?"

"काल मला विचारत होते, माझं काय चुकलं म्हणून. सर, आपण मोहोळकर साहेबांना सांगू या. त्यांनीच सगळ्यांसमोर साक्षीदाराला नियम समजावून सांगितला, तर कुणाला काही म्हणता येणार नाही."

"आणि दस्तुरला कळेल की आपला साक्षीदार खचलाय. आत्ता त्याला नुसता संशय आहे. मग खात्री होईल. दुपारभर सोलून काढेल तो." त्यांनी घड्याळ पाहिलं. "संध्याकाळपर्यंत संपेल सगळं. फेरतपासणीत आपण सावरून घेऊ. तू काही करू नकोस, रेन."

फेरतपासणी म्हणजे शेवटी आपल्या साक्षीदाराला आपण विचारायचे दोन-चार प्रश्न. 'माझी चूक असू शकते' हे त्यात कसं सावरणार होतं, देव जाणे.

मी परत आले. लोटणकर आज खोलीतही बसले नव्हते. पॅसेजच्या टोकाला खिडकीपाशी उभे होते, डबा खिडकीत न उघडता ठेवलेला. मी त्यांच्या शेजारून जाणार होते. गेलेही दोन पावलं पुढे. मग माझ्याने राहवलं नाही.

"लोटणकर साहेब," मी वळून म्हणाले, "तुमची साक्ष चालू आहे तोवर आम्हाला कुणालाच तुमच्याशी बोलायला बंदी असते. सगळ्या वकिलांना असते. कंपनीच्या लोकांनाही सांगितलेलं असतं. कुणी रागावलेलं नाही. जेवा."

एवढंच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बंदी असते?"

मी मान हलवली.

"अहो मग सांगायचंत ना आधी," ते म्हणाले आणि चक्क हसले. "काल रात्री बायकोला फोन करून म्हटलं, आपल्याच लोकांनी हात वर केलेत. जा, जा तुम्ही. बोलू नका माझ्याशी."

मी वळले तेव्हा बायकांच्या स्वच्छतागृहाचं दार नुकतंच बंद होत होतं. दस्तुरांच्या टीममधली चष्मेवाली ज्युनिअर तिथून बाहेर पडून खोलीकडे चालली होती. तिने पाहिलं की नाही, ते मला कळलं नाही.

दुपारी लोटणकर टेबलाशी येऊन बसले ते ताठ. आमच्याकडे एकदाही बघेनात. दस्तुरांनी सकाळचा धागा उचलला.

"तर मिस्टर लोटणकर, तुमची चूक झाली असू शकते, असं तुम्ही म्हणालात."

"म्हणालो. ते चुकीचं म्हणालो. मन थाऱ्यावर नव्हतं. मी वर चढलो होतो, खीळ हाताने हलवून पाहिली होती, ती घट्ट होती."

"वारा असताना?"

"वारा म्हणून थांबलो, म्हणूनच ऑफिसात चहा प्यायलो. वारा पडला तेव्हा चढलो. चहाचं खरं आहे. पण चहानंतरचं तुमचा माणूस सांगत नाही."

मोहोळकर साहेब इंग्रजी करताना किंचित हसले. दस्तुर हसले नाहीत.

"तुम्ही टोकापर्यंत गेलात याला तुमच्या शब्दाखेरीज काही आधार?"

लोटणकरांनी थोडा विचार केला. "टोकाशी घारीने घरटं केलं होतं," ते म्हणाले. "काटक्यांचं कमी आणि तारांच्या तुकड्यांचंच जास्त. आमच्याच कामाच्या तारा. घार अंगावर आली, म्हणून मला डोक्यावर हेल्मेट दाबून धरावं लागलं. एका हाताने खीळ बघितली. खालून ते दिसत नाही. वर गेल्याशिवाय कुणालाही दिसणार नाही."

टायपिस्टसुद्धा थांबून ऐकत होता. संघवी सरांनी माझ्याकडे तिरपा कटाक्ष टाकला. त्यात आश्चर्य होतं. मलाही आश्चर्य वाटत होतं. आठवडाभर आम्ही त्या दिवसाचा कीस पाडला होता, आणि या घरट्याबद्दल मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण आनंद इतका झाला होता की त्या वेळी मी त्यावर विचार केला नाही. चढलेल्या माणसाशिवाय असलं काही कोण सांगणार?

"हे तुमच्या रिपोर्टमध्ये नाही," दस्तुर म्हणाले.

"क्रेनच्या रिपोर्टात घारीचं घरटं कशाला लिहू?"

"तुमच्या प्रतिज्ञापत्रातही नाही."

"कुणी विचारलं नाही."

"काल नाही. आज सकाळी नाही. सकाळी तर तुम्हाला खीळसुद्धा नीट आठवत नव्हती." दस्तुरांच्या ज्युनिअरने त्यांच्यापुढे एक चिठ्ठी सरकवली. त्यांनी ती वाचली आणि उलटी करून ठेवली. "जेवणानंतर घरटं आठवलं."

"मन शांत झालं, मग आठवलं."

"कशामुळे शांत झालं?"

लोटणकर खिसा चाचपून रुमाल काढू लागले.

"मी साधा प्रश्न विचारतो. जेवणाच्या सुट्टीत तुमच्या वकिलांपैकी कुणी तुमच्याशी बोललं?"

हो म्हणा, मी मनात म्हणत होते. हो म्हणा, काय बोलले तेही सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

लोटणकरांनी चष्मा काढला. रुमालाने काचा पुसल्या.

"नाही," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. मी एकटाच होतो. डबा खाल्ला."

अगदी सहज. आवाजात कंप नाही, नजर दस्तुरांच्या नजरेत.

"मिस्टर कमिशनर," दस्तुर उभे राहिले, "मला कुणाही वकिलाला अडचणीत आणायची इच्छा नाही. पण माझ्या सहकारी प्रतिज्ञापत्रावर सांगायला तयार आहेत, की त्यांनी मिस ढमढेरेंना साक्षीदाराशी बोलताना पाहिलं."

मी उठू लागले. संघवी सरांनी टेबलाखाली माझी बाही धरली. "खाली बस," ते ओठ न हलवता म्हणाले. "आपण नाकारू. तिचा शब्द आणि याचा शब्द."

पण मी आधीच अर्धी उठले होते. आणि तेव्हा मला खरोखरच वाटत होतं, की खरं काय ते सांगून टाकलं म्हणजे लोटणकर सुटतील. एक निरुपद्रवी वाक्य तर होतं. मी ते जसंच्या तसं सांगितलं. नियम सांगितला, रागावलेलं कुणी नाही म्हटलं, जेवा म्हटलं. क्रेनचा शब्दही काढला नाही. घरट्याबद्दल तर मला आत्ताच कळतंय.

मोहोळकर साहेबांनी सगळं टाइप करायला सांगितलं. मग ते लोटणकरांकडे वळले. लोटणकर माझ्याकडे बघत होते. पाठीमागून कुणी ढकलून दिल्यावर माणूस वळून बघतो, तसं.

"म्हणजे तुमचं उत्तर खोटं होतं?" दस्तुरांनी विचारलं.

"हो."

"शपथेवर?"

"हो."

"का?"

"मॅडमनी बंदी असताना मला धीर दिला. त्यांना त्रास होईल असं वाटलं."

"छान. माणुसकीची गोष्ट आहे." दस्तुरांनी खरोखरच मान डोलावली. "म्हणजे ज्याच्याविषयी जिव्हाळा वाटतो, त्याला वाचवायला तुम्ही शपथेवर खोटं बोलता."

दस्तुरांनी समोरचं पान उलटलं.

"मिस ढमढेरेंना किती दिवस ओळखता?"

"आठवडा झाला असेल."

"आणि कंपनीत किती वर्षं होतात?"

दस्तुरांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. "आणखी प्रश्न नाहीत," म्हणून ते खाली बसले.

मोहोळकर साहेबांनी संघवी सरांना विचारलं, "फेरतपासणी?"

मी सरांकडे पाहिलं. नियम सांगितल्यावर माणूस सावरला, त्यात वावगं काय, एवढं तरी त्यांनी विचारावं असं मला वाटत होतं. संघवी सरांनी फाइल मिटली.

"नाही."

मग मोहोळकर साहेबांनी शेरा सांगितला. ते कठोर नव्हते. सांगताना त्यांनी लोटणकरांकडे पाहिलं नाही. साक्षीदाराने दुसऱ्या दिवशी उत्तरं बदलली. सुट्टीनंतर नवा तपशील दिला. सुट्टीत वकिलांशी बोलणं झालं नाही असं शपथेवर निःशंकपणे सांगितलं, आणि ते खोटं निघालं. हे खोटं सांगताना त्याचा आविर्भाव इतर उत्तरं देतानाच्या आविर्भावापेक्षा वेगळा नव्हता, असं नमूद करतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही. पुढे वाचणाऱ्या न्यायाधीशाला याउपर काही लागणार नव्हतं.

वाचून झाल्यावर पानाखाली सही करायला लोटणकरांना बोलावलं. त्यांनी चष्मा चढवून पान सावकाश वाचलं आणि सही केली.

त्या दाव्याचा निकाल कधी लागलाच नाही. कंपनीने महिन्याभरात तडजोड केली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे लोटणकर चढले होते असं कुठल्या न्यायाधीशाने लिहिलं नाही, आणि ती शेऱ्याची पानं मात्र जेटीवाल्यांच्या हाती राहिली. ती पेणपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो? माझं काही बिघडलं नाही. संघवी सर आठवडाभर बोलले नाहीत, मग बोलू लागले. दोन वर्षांनी मी ती फर्म सोडून पुण्याला आले, त्याची कारणं वेगळी होती. आता मला स्वतःच्या अशिलांना पहिल्याच भेटीत तो नियम सांगायची सवय आहे. ते ऐकतात आणि विसरतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी खोली रिकामी झाल्यावर मी लोटणकरांबरोबर खाली उतरले. आता साक्ष संपली होती, कुणीही कुणाशी बोलायला मोकळं होतं. कंपनीचे अधिकारी 'फोन करतो हं साहेब' म्हणून लगबगीने गेले. मी लोटणकरांची पिशवी हातात घेतली. त्यांनी ती घेऊ दिली. रस्त्यावर ऊन कलायला लागलं होतं, ऑफिसं सुटायला अजून अवकाश होता. आम्ही कमानींच्या सावलीतून टॅक्सीच्या नाक्याकडे चालू लागलो.

"साहेब, तुम्ही 'हो' का नाही म्हणालात?" मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, बंदी असते. तुम्ही माझ्यासाठी ती मोडलीत. मग मी तुमचं नाव कसं सांगू?" त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून गळ्यात सोडला. "आणि मला वाटलं, हा प्रश्न क्रेनचा नाही. क्रेनच्या बाबतीत मी एक अक्षर खोटं बोललो नाही, मॅडम. हे आपलं... इकडचं तिकडचं. एवढं चालत असेल असं वाटलं."

"मी उठायला नको होतं का?"

"नाही, नाही. तुम्ही खरं तेच सांगितलंत." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही नाक्यावर पोचलो. टॅक्सी दिसत नव्हती. ते रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग एकाएकी माझ्याकडे वळले.

"मॅडम, जज्ज काय लिहायचं ते लिहू दे. पेणातले काय म्हणायचं ते म्हणू देत. तुम्हाला तरी पटतं ना, मी चढलो होतो?"

मला 'हो' म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आला होता. पण त्याच वेळी मला तो दुपारचा 'नाही' ऐकू आला. शांत, साधा, काचा पुसून झाल्यावर म्हटलेला. ज्या आवाजात त्यांनी मला पेणातलं सगळं सांगितलं होतं, घारीचं सांगितलं होतं, तोच आवाज. आणि आठवडाभर माझ्यासमोर बसून ते घारीबद्दल एकदाही बोलले नव्हते.

"हो," मी म्हणाले. "हो, अर्थात."

पण मध्ये एक क्षण गेला होता. दोन दिवस लोटणकरांनी आमच्या गप्प राहण्याचा अर्थ चुकीचा लावला होता. या वेळी त्यांनी तो बरोबर लावला.

"बरं," ते म्हणाले आणि माझ्या हातातून पिशवी काढून घेतली. टॅक्सीची वाट न बघता ते रस्ता ओलांडून चालू लागले.